अँटीव्हायरस म्हणतो सगळं साफ, मग माझ्या नावाने लिंका कोण पाठवतंय?

टिंबटिंब
मंडळी, जरा डोकं लावा.

घरात एकच डेस्कटॉप आहे, सगळेच वापरतात. काही दिवसांपासून माझ्या सोशल नेटवर्कवरच्या खात्यातून मित्रयादीतल्या लोकांना "या व्हिडिओत तूच आहेस का?" असा मेसेज आणि खाली लिंक जायला लागली. मी पाठवत नाहीये. पहिला फोन मामेबहिणीचा आला. तिने लिंक उघडली आणि आता तिच्या खात्यातूनही तेच सुरू झालंय.

अँटीव्हायरस अपडेट करून फुल स्कॅन लावला. काही फायली सापडल्या, क्वारंटाइनमध्ये टाकल्या. पुन्हा स्कॅन लावला तर 'धोका आढळला नाही'. मग पासवर्ड बदलला, त्याच संगणकावरून. थोडा वेळ सगळं शांत. परत लॉगिन केलं आणि परत तेच.

तर पहिला प्रश्न, फॉरमॅट मारायचा का? दुसरा प्रश्न जरा वेगळा आहे. मेसेज यादीतल्या बहुतेक सगळ्यांना गेलाय. पण माझं शाळा-कॉलेज ज्या छोट्या शहरात झालं तिथल्या बऱ्याच जणांनी लिंक उघडली, आणि आता नोकरीसाठी राहतो त्या मोठ्या शहरातल्या जवळपास कुणीच नाही. तिथल्या एकाने तर काही न बोलता ब्लॉकच केलं. हा शहरागणिक सवयींचा फरक असतो का? की मी उगाच अर्थ काढतोय?

बिनधास्त बंड्या
फॉरमॅट मारा. विषय संपला.

घुबड
बंड्याचं प्रत्येक धाग्यावर हेच उत्तर. परवा कुणाचा प्रिंटर चालत नव्हता, तिथेही हेच लिहून आला होता.

बिनधास्त बंड्या
चालला ना पण नंतर!

दुरुस्तीवाला
टिंबटिंब, फॉरमॅटची घाई करू नका. मेसेज तुमच्या संगणकातून जातायत की फक्त तुमच्या खात्यातून, हे आधी ठरवायला हवं. लोक या दोन्हीला 'व्हायरस आला' म्हणतात, पण इलाज वेगळे आहेत.

संगणक रात्रभर पूर्ण बंद ठेवा. नुसता स्लीप नको, बंद. रात्रीतही मेसेज गेले तर तुमचं लॉगिन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. हल्ली पासवर्डच नाही, चालू सेशनही (म्हणजे आधीच झालेलं लॉगिन) चोरतात. तुम्ही एकदा लॉगिन केलंत की ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो. ती कुकी उचलली की समोरच्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

रात्रीत काहीच गेलं नाही, तर गडबड त्या संगणकावरच आहे. मग विंडोज सिक्युरिटी उघडा, स्कॅन पर्यायांमध्ये ऑफलाइन स्कॅन आहे तो लावा. संगणक रीस्टार्ट होईल आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होईल, साधारण पंधरा मिनिटं लागतात. नेहमीचा स्कॅन चालतो तेव्हा घाणही चालू असते आणि ती स्वतःला लपवू शकते. ऑफलाइनमध्ये ती सोय राहत नाही.

आणि त्याच संगणकावरून पासवर्ड बदलणं म्हणजे घरात शिरलेल्याच्या देखत कुलूप बदलणं. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. खात्याच्या सेटिंगमध्ये कुठल्या कुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे याची यादी असते. तिथून सगळीकडून लॉगआउट करा.

विंडोज कुठलं आहे? १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही डोक्यात असू द्या.

टिंबटिंब
विंडोज ११ आहे. आज रात्री बंद ठेवून बघतो. धन्यवाद!

जुना मॉनिटर
अरे काय दिवस होते ते पेनड्राइव्हचे! विंडोज एक्सपी असलेल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावून नुसता उघडला की ऑटोरनमुळे त्यातला व्हायरस आपोआप चालू व्हायचा.  मग सगळ्या फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसायचे. लोक रडकुंडीला यायचे, फोटो गेले म्हणून. खरं तर काही गेलेलं नसायचं, फोल्डर नुसते लपवलेले असायचे. अ‍ॅट्रिब कमांड मारली की सगळे परत हजर. त्या एका कमांडवर आम्ही वर्षानुवर्षं 'कॉम्प्युटरमधलं कळतं बरं का त्याला' हा मान मिरवला.

२०११ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन पेनड्राइव्हचं ऑटोरन एक्सपी आणि व्हिस्टामध्ये बंद केलं, आणि आमची सद्दी संपली.

पण टिंबटिंब म्हणतायत तो प्रकार याहून जुना आहे. १९९९ ची मेलिसा, म्हणजे ईमेलमधून पसरणारा व्हायरस, आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांना स्वतःची प्रत पाठवायची. २००० च्या मे महिन्यातलं ते 'आय लव्ह यू' नावाचं प्रेमपत्र तर यादीतल्या सगळ्यांनाच जायचं. ओळखीच्या माणसाकडून आलंय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतोय! शिवाय विंडोज फाइलचं शेवटचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) लपवायचं, त्यामुळे लोकांना वाटायचं साधी टेक्स्ट फाइल आहे. अजूनही ती सेटिंग आधीपासून लपवलेलीच येते. नवीन संगणक घेतला की मी सगळ्यात आधी ती बदलतो.

राजश्री_म
व्हायरसमधलं मला फारसं कळत नाही, पण दुसऱ्या प्रश्नावर बोलते, कारण दोन्ही प्रकारच्या शहरांत राहिले आहे.

छोट्या शहरात माझ्या यादीत कोण होतं? आत्या, काका, शाळेतल्या बाई, समोरच्या बिल्डिंगमधले, वहिनीच्या माहेरचे. यांनी काही पाठवलं आणि आपण बघितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेटल्यावर विचारणार, "पाठवलेलं बघितलंस का गं?" न बघणं म्हणजे उर्मटपणा. लाइकसुद्धा हजेरीसारखं मोजलं जातं. तिथे लिंक उघडणं हा भोळेपणा नाही, ती रीत आहे.

मोठ्या शहरातल्या यादीत ऑफिसातले लोक, एखाद्या कार्यक्रमात ओळख झालेले, पूर्वीच्या सोसायटीतले. त्यांचा मेसेज महिनाभर वाचला नाही तरी कुणी विचारत नाही. म्हणून ते वाचले. हुशारीने नाही, दुर्लक्षाने.

मनोमन
राजश्रीताई, +१. "हुशारीने नाही, दुर्लक्षाने" हे पटलं.

अर्धविराम
राजश्रीताईंनी जे लिहिलंय तेच जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ साली महानगरातल्या मनोवृत्तीबद्दल मांडलं होतं. शहरात डोळ्या-कानांवर सतत इतकं आदळत असतं की माणूस बचावासाठी एक अलिप्तपणा धरतो. दारात आलेल्या प्रत्येकाशी गावातल्यासारखं वागायला गेलं तर शहरी माणूस मोडून पडेल, असा त्यांचा एकंदर रोख. नोटिफिकेशनच्या काळात हे जास्तच लागू पडतं.

घुबड
अर्धविराम आले. आता धागा शंभरी गाठणार आणि व्हायरस तसाच राहणार. (दिवे घ्या)

शेवाळ
मला हे 'छोटं शहर म्हणजे विश्वास, मोठं शहर म्हणजे सावध' मुळीच पटत नाही. मोठ्या शहरातले लोक फसत नाहीत असं नाही. त्यांच्यासाठीचं आमिष वेगळं असतं, एवढंच. "व्हिडिओत तूच आहेस का" याला ते हसतील. पण नोकरीच्या नेटवर्किंग साइटवर कुणी अनोळखी रिक्रूटर "तुमची प्रोफाइल आवडली, कामाचं स्वरूप जोडलेल्या फाइलमध्ये आहे" म्हणाला, की तेच लोक झिप फाइल उघडून मोकळे होतात. वर पासवर्डही टाकतात, कारण मेसेजमध्ये लिहिलेला असतो. तो पासवर्ड असतो स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून!

अर्धविरामना झिमेल आठवला, मला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर आठवतात. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं होतं की नोकरीची खबर जवळच्यांपेक्षा जेमतेम ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते. मोठ्या शहरातला नोकरदार त्याच आशेवर अनोळखी माणसाचा मेसेज उघडतो. म्हणजे इथे बहीण म्हणून क्लिक, तिथे बढती म्हणून क्लिक.

बिनधास्त बंड्या
बहीण ते बढती. शेवाळ, आज फॉर्मात!

मनोमन
मला आणखी एक शंका आहे. मोठ्या शहरातल्यांनी लिंक उघडली नाही, हे टिंबटिंबना कसं कळलं? त्यांच्या खात्यातून पुढे मेसेज गेले नाहीत, एवढंच ना? आमच्या ऑफिसच्या नेटवर्कवर निम्म्या साइट अडवलेल्या आहेत, ब्राउझरमध्ये काही टाकायलाही परवानगी नाही. कुणी उघडली असेल आणि 'हे पान उपलब्ध नाही' बघून सोडून दिली असेल. बरेच जण फोनवर उघडतात. डेस्कटॉप ब्राउझरसाठी केलेला सापळा फोनवर चालेलच असं नाही.

त्यामुळे शहराच्या नावावर खपवण्याआधी कोण कुठल्या यंत्रावर होतं ते बघा.

टिंबटिंब
मनोमन, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मामेबहिणीने लॅपटॉपवर उघडली होती, हे नक्की. बाकीच्यांना विचारतो.

अपडेट: रात्रभर संगणक बंद, एकही मेसेज गेला नाही. सकाळी चालू केला, तरी नाही. ब्राउझर उघडून खात्यात गेलो आणि थोड्याच वेळात लिंका सुटल्या. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही सापडलं नाही.

दुरुस्तीवाला
वा, एवढ्याने निम्मं काम झालं. ब्राउझर उघडल्यावरच होतंय, विंडोजमध्ये काही सापडत नाही. म्हणजे ब्राउझरमध्ये काहीतरी बसलंय. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनांची, म्हणजे त्याला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची, यादी उघडा. नावावर जाऊ नका, प्रत्येकाचा तपशील उघडून परवानग्या बघा. 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' असं जिथे दिसेल, तिथे थांबून विचारा की याला ही परवानगी कशाला हवी?

एक्स्टेन्शन तुमच्याच चालू लॉगिनमध्ये काम करतं. समोरच्या साइटला वाटतं बटण तुम्हीच दाबताय. म्हणून पासवर्ड बदलून उपयोग होत नाही. मधली ती शांतता होती ती लॉगआउट झाल्यामुळे.

खिडकीतून
मध्येच घुसतोय, माफी. माझा पीसी फार स्लो झालाय. दोन अँटीव्हायरस टाकलेत तरी फरक नाही. उजव्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या संगणकात व्हायरस आहेत, लगेच साफ करा' येतं.

दुरुस्तीवाला
खिडकीतून, दोन्हींची सतत पहारा देणारी यंत्रणा एकाच वेळी चालू असेल तर तेच स्लो होण्याचं कारण असू शकतं. दोघं एकाच फाइलवर झडप घालतात. एक काढा. आणि तो कोपऱ्यातला इशारा नीट बघा, ब्राउझरचं छोटं चिन्ह आणि एखाद्या साइटचं नाव दिसेल. कधीतरी एखाद्या पानावर 'सूचना पाठवू द्या' ला हो म्हटलं गेलंय. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांच्या यादीतून ती साइट उडवा. त्या इशाऱ्यावर मात्र क्लिक करू नका, आणि त्यात फोन नंबर दिला असेल तर तो अजिबात लावू नका. पलीकडचा माणूस गोड बोलून तुमच्या संगणकाचा ताबा मागतो.

खिडकीतून
साइटचं नाव खरंच होतं! काढलं, थांबलं. दंडवत घ्या.

टिंबटिंब
सापडलं. 'व्हिडिओ डाउनलोड करा' छापाचं एक एक्स्टेन्शन आहे. चिन्ह इतकं साधं, करड्या रंगाचं, की ब्राउझरचाच भाग वाटावा. परवानगी तीच, सर्व वेबसाइट, सगळा डेटा. घरात कुणीच टाकलेलं नाही, असं घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं आहे.

घुबड
आमच्याही घरात सगळ्या गोष्टी कुणीच न करता होतात.

जुना मॉनिटर
मामेबहिणीला विचारा, लिंक उघडल्यावर 'व्हिडिओ दिसण्यासाठी हे जोडा' असं आलं होतं का? २००८ मध्ये कूबफेस नावाचा किडा (स्वतःहून पसरणारा व्हायरस) आला होता, फेसबुकचीच अक्षरं उलटसुलट करून ठेवलेलं नाव. मित्राकडून मेसेज, व्हिडिओची लिंक, आणि बघायला गेलं की 'फ्लॅश प्लेयर अपडेट करा'. अपडेट म्हणून यायचा तोच किडा. फ्लॅशचा सपोर्ट २०२० च्या शेवटी संपला, आता त्या जागी एक्स्टेन्शन मागतात.

आणि ऑर्कुट या जुन्या सोशल नेटवर्कवरचे कुणी इथे असतील तर २००७ चा डिसेंबर आठवत असेल. पोर्तुगीजमधला एक स्क्रॅप (तिथला मेसेज) यायचा, नुसता पाहिला तरी आपण भलत्याच कम्युनिटीत सामील झालेलो असायचो आणि तोच स्क्रॅप आपल्या मित्रांना गेलेला असायचा. त्याआधी २००५ मध्ये मायस्पेस या सोशल नेटवर्कवरचा सॅमी नावाचा किडा वीस तासांच्या आत दहा लाखांवर प्रोफाइलमध्ये पोचला होता. तिथेही बघणं पुरेसं होतं. तेव्हा छोट्या शहरातल्यांनी उगाच मान खाली घालू नये. त्या दोन्ही वेळी सावध, बेसावध सगळे एकाच रांगेत होते.

राजश्री_म
ऑर्कुटवर मला आलेला तो स्क्रॅप! मला वाटलं होतं कुणीतरी परदेशी मैत्री करू पाहतंय.

बिनधास्त बंड्या
आता तरी फॉरमॅट?

दुरुस्तीवाला
बंड्या, आता तर अजिबात नाही. समजा मारला. नवीन विंडोज, नवीन ब्राउझर. मग टिंबटिंब बुकमार्क परत यावेत म्हणून ब्राउझरमध्ये साइन इन करणार. सिंक चालू असेल तर बुकमार्कांबरोबर एक्स्टेन्शनही परत येणार. लोक म्हणतात 'फॉरमॅट मारूनही व्हायरस जात नाही', त्यातला बराचसा प्रकार हा असतो.

टिंबटिंब, एक्स्टेन्शन काढा. त्याच सिंकवर तुमचा दुसरा एखादा लॅपटॉप असेल तर तिथली यादीही बघा. मग फोनवरून सगळीकडून लॉगआउट, नवीन पासवर्ड, टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खातरजमा) चालू. ज्या ईमेलवर पासवर्ड रीसेट येतो त्या ईमेलचाही पासवर्ड बदला, तो लोक हमखास विसरतात. खात्याला जोडलेल्या अ‍ॅप्सची वेगळी यादी असते, तिथे क्विझ आणि राशिभविष्यवाले जुने पाहुणे बसलेले असतात. त्यांनाही निरोप द्या.

शेवाळ
दुरुस्तीवाल्यांच्या प्रतिसादात भर घालतो. आमच्याकडे एकाच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन काढायचं बटणच दबत नव्हतं, आणि मेनूच्या तळाशी 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' अशी ओळ. घरगुती संगणक, कसली संस्था? घाणीने विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवतात तिथे) ब्राउझरची पॉलिसी, म्हणजे सक्तीचे नियम, घालून ठेवली होती, कंपन्या वापरतात तशीच. ती काढली तरी टास्क शेड्युलरमधलं (विंडोजची कामं आपोआप चालवणारी सोय) एक काम ती परत घालायचं. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे साधन वापरून ते काम शोधलं. विंडोजबरोबर जे जे आपोआप सुरू होतं ते सगळं एका यादीत दिसतं, आणि प्रत्येक नोंद व्हायरसटोटलवर (अनेक अँटीव्हायरसकडून फाइल तपासून देणारी साइट) ताडून बघायची सोयही आहे.

एक सावधगिरी: व्हायरसटोटलवर स्वतःची खाजगी कागदपत्रं चढवू नका. तिथे चढवलेली फाइल संशोधकांना आणि अँटीव्हायरस कंपन्यांना पाहता येते.

घुबड
आमच्या घरातली संस्था म्हणजे आई. तिचीही पॉलिसी काढता येत नाही.

टिंबटिंब
काढलं, लॉगआउट केलं, पासवर्ड बदलले, अ‍ॅप्स साफ केली. कालपासून एकही मेसेज नाही. मामेबहिणीच्या लॅपटॉपवर तेच करड्या चिन्हाचं एक्स्टेन्शन निघालं, तिला फोनवर सांगून काढायला लावलं. तिला 'व्हिडिओसाठी जोडा' असंच आलं होतं.

मनोमनच्या सांगण्यावरून विचारपूस केली. छोट्या शहरातल्या बऱ्याच जणांनी फोनवर उघडली, त्यांना काही झालं नाही. फसले ते घरच्या संगणकावर उघडणारे. मोठ्या शहरातल्या दोघा मित्रांनी ऑफिसात उघडून बघितली होती आणि पान अडवलं गेलं. म्हणजे माझं 'जवळपास कुणीच नाही' इतकं खरं नव्हतं.

पण एक मात्र जाणवलं. त्या दोघांनी मला कळवलं नाही. मामेबहिणीने फोन केला, शाळेतल्या मित्राने केला, एका काकांनी तर भावाला फोन करून "त्याला सांग काहीतरी गडबड आहे" असा निरोप दिला.

राजश्री_म
हेच तर म्हणत होते! जिथे लिंक पटकन उघडली जाते तिथूनच फोनही पटकन येतो.

शेवाळ
राजश्रीताई, थोडं थांबा. मोठ्या शहरातल्या त्या मित्राने कळवायचं कसं? खातं हॅक झालंय असं वाटल्यावर त्याच खात्यावर मेसेज टाकून काय उपयोग, वाचणारा चोरच असला तर? आणि टिंबटिंबचा फोन नंबर किती सहकाऱ्यांकडे असेल? मी स्वतःही आधी ब्लॉकच केलं असतं. तो रुसवा नाही, प्रथमोपचार आहे.

राजश्री_म
प्रथमोपचार स्वतःवर केलात, पेशंटला कुणी सांगायचं?

अर्धविराम
इथे झिमेल पुन्हा...

घुबड
नको!

मनोमन
दोघांचंही खरं आहे. शेवाळ म्हणतात तसं कळवायला दुसरा मार्ग हवा, आणि तो मार्ग छोट्या शहरात आयता असतो, कारण तिथे यादीतल्या माणसाचा भाऊसुद्धा आपल्या ओळखीचा असतो. आमच्या टीममध्ये आम्ही एकमेकांचे नंबर त्यासाठीच घेऊन ठेवलेत. कुणाच्या खात्यातून विचित्र काही आलं की आधी फोन.

टिंबटिंब
ज्याने ब्लॉक केलंय त्याला फोन लावला. म्हणाला, "बरं झालं सांगितलंस, मला वाटलं तू मार्केटिंगमध्ये गेलास."

आता शेवटचं. यादीतल्या सगळ्यांना सांगायला हवं की ती लिंक मी पाठवलेली नाही आणि कुणी उघडली असेल तर ब्राउझर तपासा. एकत्र पोस्ट टाकू की प्रत्येकाला मेसेज करू?

दुरुस्तीवाला
पोस्ट टाका, आणि ज्यांनी संगणकावर उघडली त्यांना फोन करा. पोस्टमध्ये एक्स्टेन्शनचं नाव आणि त्या चिन्हाचा स्क्रीनशॉट द्या, लोकांना शोधायला सोपं जाईल.

बिनधास्त बंड्या
आणि कृपा करून पोस्टच्या शेवटी 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा' लिहू नका.